सरांच्या वहीतली अकरावी ओळ

आदरणीय तुळशीराम मारकड सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या फाटकाशी झाली. मी शिक्षणसेविका म्हणून हजर व्हायला बारामतीहून सकाळच्या एसटीनं आले होते. हातात नेमणुकीचा आदेश होता. फाटकाच्या आत एक उंच, सावळे गृहस्थ मूठभर धूळ हवेत सोडत उभे होते. मला वाटलं, शिपाई असतील. मी आदेश पुढे केला. त्यांनी तो न बघताच विचारलं, “बाई, वारा कुठनं येतोय?” मी गोंधळून एक दिशा सांगितली. ती चुकीची निघाली. “असू द्या, महिनाभरात कळेल,” ते म्हणाले आणि मग आदेश शांतपणे वाचून त्यांनी मला आत घेतलं. ते आमचे मुख्याध्यापक होते. त्या दिवशी नव्या मुलांचं स्वागत मैदानावर व्हायचं होतं, आणि धूळ मुलांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांना कुठं तोंड करून बसवायचं ते ठरवणं चाललं होतं.

सर भूगोल शिकवत, पण वाऱ्याची ही विद्या पुस्तकातली नव्हती. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. सर सातवीपर्यंत सुट्टीभर त्या कळपामागं हिंडलेले. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, भाऊ डाळिंब आणि गाईंकडे वळले, सर मास्तर झाले. वडिलांची काठी मात्र त्यांनी ठेवली. ती त्यांच्या कार्यालयात, कपाटाच्या मागं, भिंतीला टेकवलेली असे. मुलं तिला घाबरत नसत, कारण सरांनी ती कधी उगारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीनं पत्रात एक प्रेमळ सूचना केली आहे. कोरोनाच्या आठवणी शक्यतो टाळाव्यात, वाचक त्या विषयाला कंटाळले आहेत. खरं आहे. मीसुद्धा कंटाळले आहे. त्या दिवसांचा शीण माझ्या अंगातून अजून गेलेला नाही. ‘परिपत्रक’ हा शब्द ऐकला तरी खांदे दुखायला लागतात. पण सरांच्या हाताखाली मी जी चार वर्षं काढली त्यातली निम्मी त्याच रगाड्यात गेली. ती वगळली तर माझ्याकडे उरतं काय? शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय. ही विशेषणं इतर लेखांतून येतीलच.

दुसरंही कारण आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाताना आमच्या शाळेचं गाव लागतं, तिथल्या टपरीवर आजही कुणी ना कुणी म्हणतं, “मारकड सरांच्या हादग्यानं गावात कोरोना आणला.” या एका वाक्यापायी सर निवृत्त झाले तेव्हा शाळेनं त्यांना साधं शाल-श्रीफळ दिलं नाही. आता साठीनिमित्त माजी विद्यार्थी इंदापुरात कार्यक्रम करतायत, तो त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलाय. गावातले निम्मे लोक येणार नाहीत, हेही मला माहीत आहे. सरांवर लागलेला तो ठपका खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचा पुरावा माझ्या कपाटात आहे. म्हणून समितीची माफी मागून मी नको असलेल्या विषयावरच लिहिते.

पहिल्या वर्षी शाळा बंद पडली तेव्हा आम्ही सगळे शिक्षक हातपाय गाळून बसलो होतो. मोबाईलवर शिकवायचं, आणि निम्म्या घरांत मोबाईल बापाच्या खिशातून एमआयडीसीत गेलेला. सण आले तसे आम्ही म्हणालो, यंदा राहू द्या. सर म्हणाले, “अभ्यास बुडाला तर पुढं भरून काढता येतो. आठवीतल्या पोराचा आठवीतला सण कुठून भरून काढायचा?” आम्हाला हे बोलणं जरा फाजीलच वाटलं. मी तर घरी नवऱ्याला म्हणाले होते की, या माणसाला सणांचा सोस आहे.

तो सोस नव्हता. सरांनी एक लांब फुलस्केप वही केली होती. प्रत्येक सणाला एक पान. पानाच्या डोक्यावर तेच चार प्रश्न: किती जण? किती वेळ? किती अंतर? वारा कुठून? खाली एकेक ओळ करून आखणी, आणि शेवटी ज्याच्याकडे जबाबदारी त्याची सही. गणपतीला मूर्ती करायची कार्यशाळा दरवर्षी शाळेत व्हायची. त्या वर्षी सरांनी शाडूचे गोळे ओल्या फडक्यात बांधले आणि मोटारसायकलवरून वस्ती-वस्तीवर पोचवले. कुंपणाच्या खांबावर गोळा ठेवायचा, हॉर्न वाजवायचा, मागं सरकून उभं राहायचं. मूल येऊन गोळा घेऊन गेलं की पुढची वस्ती. एका ठिकाणी म्हशीनं गोळा चाटून सपाट केला. सर दुसऱ्या दिवशी त्या एका मुलासाठी आठ किलोमीटर परत गेले.

पोळा आमच्याकडे भाद्रपदात असतो. मातीच्या बैलांचं प्रदर्शन शाळेत भरवता येईना, तर सरांनी ते रस्त्यावर भरवलं. ज्यानं त्यानं आपला बैल आपल्याच शेताच्या बांधावर, रस्त्याकडं तोंड करून ठेवायचा. सकाळच्या पाळीला निघालेले कामगार मोटारसायकली हळू करून बघत होते. वालचंदनगरच्या क्वार्टर्समधून दोन कुटुंबं मुद्दाम गाडी काढून बघायला आली. मी सरांच्या मागं स्कूटीवर नोंद करत फिरले आणि उन्हानं माझं डोकं धरलं. पण घरात कोंडलेली पोरं आपापल्या बैलाशेजारी नवे कपडे घालून उभी होती, ते बघून मी त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसले.

आता हादगा.

दुसरी लाट येऊन गेली. तिनं आमच्या गावातून काय काय नेलं ते इथं मोजत नाही. वर्ग पुन्हा भरायला लागले आणि लागलीच नवरात्र आलं. आमच्या शाळेत मुलींचा हादगा जुना. पाटावर हत्ती काढायचा, भोवती हात धरून फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी खिरापत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येकीनं झाकलेला डबा आणायचा, इतरांनी डबा न उघडता आत काय आहे ते ओळखायचं, आणि मग सगळ्यांनी सगळ्यांचं वाटून खायचं. हातात हात, तोंडानं गाणं, एकमेकींच्या डब्यात बोटं. महामारीच्या काळात याहून वाईट सण शोधून सापडला नसता.

सरांनी हादग्याचं पान आठवडाभर लिहिलं. हात धरायचे नाहीत आणि फेर तर मोडायचा नाही, हे जमवायचं कसं? एका सकाळी ते वडिलांची काठी घेऊन मैदानावर आले. समोरच्या शेतातून त्यांनी उसाची कांडी तोडून आणायला सांगितली, पाचट काढलं, आणि काठीला लावून एकेक ऊस बरोबर तेवढ्याच लांबीचा कापला. दोन मुलींच्या मध्ये एक ऊस. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. “माझा बाप म्हणायचा, दोन मेंढरांत एक काठी जागा असली की रोग उडी मारत न्हाय,” सर म्हणाले. बोलता बोलता ते घरच्या भाषेत शिरले की मला फार आवडायचं. मी त्यांना म्हटलं, “सर, मुली ऊस खाऊन टाकतील.” ते म्हणाले, “फेर झाल्यावर खाऊ देत. आपापल्या टोकाकडून.”

कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर होती. सरांनी वही पुढे केली. पानावर अकरा ओळी होत्या. सूचना वहीवर न वाचता सही ठोकणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड, आणि त्या दिवशी माझ्यापुढं चार परिपत्रकांची उत्तरं पडली होती. पहिल्या दोन ओळी वाचल्या, उसाबद्दल होत्या. खाली सही केली. सरांनी विचारलं, “सगळं वाचलंत?” मी म्हटलं, “हो सर.”

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी माझा घसा खवखवत होता. सर स्वतः फाटकात उभे राहून प्रत्येकाला विचारत, घसा, ताप, घरी कुणी आजारी? मला विचारलं तेव्हा मी मान हलवली, काही नाही. आदल्या दिवशी उसाची धूळ नाकातोंडात गेली होती, त्यानं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मी घरी गेले असते तर हादगा रद्द झाला असता. मुलींनी दीड वर्षानं केसात गजरे माळले होते. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. तसं झालं, म्हणून लिहिते.

फेर फार सुंदर झाला. उसांनी जोडलेलं ते मोठं कडं हत्तीभोवती फिरत होतं, वारा पश्चिमेकडून येत होता आणि गाणी मोकळ्या रानाकडे जात होती. मुलींच्या मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, पण सगळ्या हसतायत हे कळत होतं. मग मुली आपापल्या जागी बसल्या आणि खिरापत सुरू झाली. डबा कानाशी धरून हलवायचा, आणि आवाजावरून बाकीच्यांनी ओळखायचं. ही युक्तीही सरांचीच. शेव, चिरमुरे, शंकरपाळी, करंजी. मुली ओरडून ओरडून सांगत होत्या.

वैष्णवी नववीत होती. तिची आई दुसऱ्या लाटेत गेली होती. तिनं डबा हलवला तेव्हा खडखड असा कोरडा आवाज आला. कुणी शेंगदाणे म्हणालं, कुणी फुटाणे. वैष्णवी नुसती मान हलवत राहिली. माझ्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, “उघड गं, हरलो आम्ही.” तिनं डबा उघडला. आत मैदानावरचे चार खडे होते. आई गेल्यावर वर्षभर घरात कढई चढवायची नाही, म्हणजे सणाचं काही तळायचं-करायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. रिकामा डबा वाजत नाही, म्हणून पोरीनं खडे भरून आणले होते.

त्या क्षणी सर तिथं नव्हते. मी उठले, माझ्या डब्यातली करंजी काढली आणि मास्क खाली करायला सांगून तिच्या तोंडात घातली. माझाही मास्क खालीच होता, मी रडत होते. मग काय, सगळ्याच उठल्या. हिनं शेव दिली, तिनं लाडू. उसांचं कडं मोडून मुली वैष्णवीभोवती आणि मग एकमेकींभोवती गोळा झाल्या, आणि दीड वर्षात न खाल्लेली खिरापत पाच मिनिटांत फस्त झाली. मी मान वर केली तेव्हा सर कार्यालयाच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या हातात बंद पाकिटातल्या राजगिऱ्याच्या लाडवांची पिशवी होती. वैष्णवीच्या डब्याचा आवाज त्यांनी माझ्या आधी ओळखला होता, आणि तिच्यासाठी ठेवलेले लाडू आणायला ते आत गेले होते. ते ओरडले नाहीत. पायरीवरूनच म्हणाले, “मास्क वर घ्या, बाळांनो, आणि आपापल्या जागेवर बसा.” मग त्यांनी पिशवी कपाटात परत ठेवली.

दोन दिवसांनी माझी चाचणी पॉझिटिव्ह आली. पुढच्या आठवड्यात काही मुलींची, आणि मग दहावीतल्या निकिताच्या आजोबांची. त्यांना, म्हणजे भागूजी आबांना, बारामतीला दवाखान्यात न्यावं लागलं. ते पंधरा दिवस तिथं होते आणि त्यातले काही दिवस असे होते की मी घरात, एका खोलीत, विलगीकरणात बसून फोन वाजला की दचकायचे. रोग माझ्याकडून गेला की मुली कुठल्या लग्नातून घेऊन आल्या होत्या, हे कुणी सांगू शकणार नाही. गावाला मात्र शंका उरली नव्हती.

मी घरी होते, त्यामुळे पुढचं शिपाईमामांकडून कळलेलं सांगते. निकिताचे वडील शिवाजीराव फाटकात येऊन उभे राहिले आणि त्यांनी आवाज चढवला. “सर, तुमी शिकल्यालं मानूस! म्हाताऱ्याला नळ्या लावल्यात तितं. पोरींला एकमेकीच्या डब्यातलं चारायची काय घाई व्हती?” सर वर्गातून बाहेर आले आणि म्हणाले, “चूक माझी हाय, शिवाजीराव. मीच वाटायला सांगितलं व्हतं.”

संस्थेनं लेखी खुलासा मागवला. सरांनी कार्यक्रमाची आखणी स्वतःच्या अक्षरात उतरवून जोडली, आणि चौकशीला आलेल्या सदस्यांपुढं तेच सांगितलं की, खिरापत वाटायची परवानगी मीच दिली होती. बरी होऊन मी शाळेत गेले ती थेट त्यांच्याकडे. म्हटलं, “सर, माझा घसा त्या दिवशी दुखत होता. मी खोटं बोलले.” त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून गुंडाळला. मग म्हणाले, “माझी दीड वर्षं राहिलीत, बाई. तुमची तीस आहेत. आणि शिक्षणसेवकाची फाईल फार पातळ असते, एका शेऱ्यानं फाटते.” त्या वेळी माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद होता, घर माझ्या नोकरीवर होतं, आणि माझा सेवाकाळ पुरा व्हायला काही महिने बाकी होते. सरांना हे सगळं माहीत होतं. “पण सर...” मी म्हटलं. “तासाची घंटा झाली,” ते म्हणाले.

आणि मी तासाला गेले.

मी मनाची समजूत घातली. वही मी पुरती वाचली कुठे होती? सर म्हणतायत त्याअर्थी त्यांनी खरंच वाटायची परवानगी लिहिली असेल. माणूस स्वतःला सोयीचं तेवढं पटवून घेतो, आणि मी तर त्यात बरीच तरबेज निघाले. शिवाजीरावांचं सगळं घर विलगीकरणात असताना गोठ्यातल्या पाच गाईंचं काय, हा प्रश्न आला. सर पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ तिथं जाऊन धारा काढत आणि दूध केंद्रावर घालून शाळेत येत. गावानं ते पाहिलं आणि उलटाच अर्थ काढला. टपरीवर म्हणाले, “चूक नसती तर मुख्याध्यापक कशाला शेण काढाय गेला असता?” मी हे ऐकलं, आणि तेव्हाही गप्प बसले.

आबा घरी आले. माझा सेवाकाळ पूर्ण झाला, मी कायम झाले. शाळा समितीनं हादगा बंद केला तो आजतागायत बंद आहे. सरांच्या आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव, तोही परत आला. शेवटच्या दिवशी त्यांनी पदभार दिला, काठी घेतली आणि मोटारसायकलला आडवी बांधून गेले. फाटकापर्यंत आम्ही चार शिक्षक आणि शिपाईमामा, एवढेच गेलो होतो.

गेल्या वर्षी सांस्कृतिक विभाग माझ्याकडे आला आणि त्याच्याबरोबर जुनं कपाट. त्यात सर्वांत खाली ती फुलस्केप वही सापडली. मी हादग्याचं पान उघडलं. सरांचं टपोरं अक्षर, अकरा ओळी. नववी ओळ अशी: “कुणी मुलगी डबा न आणता आली, तर तिच्यासाठी बंद पाकिटातले लाडू कार्यालयात ठेवले आहेत. देताना इतर मुलींच्या लक्षात येऊ नये.” आणि अकरावी, खाली दोन रेघा मारलेली: “खिरापत जिची तिनेच खावी. कोणत्याही कारणाने वाटू नये.” त्याखाली माझी सही. नीट, वळणदार, तारखेसकट. मी कार्यालयात जाऊन खुलाशाची प्रत काढून घेतली. तिथं जोडलेल्या आखणीत दहाच ओळी होत्या. शाळेच्या कागदातला स्वल्पविराम चुकला तरी नवा कागद घेणाऱ्या माणसानं, आयुष्यात बहुधा एकदाच, एक अख्खी ओळ गाळली होती. ती ओळ असती तर सर सुटले असते आणि मी अडकले असते.

हे कळल्यावरही मी वर्षभर काही केलं नाही. आता मला कुणी कामावरून काढणार नव्हतं, तरी नाही. भीतीपेक्षा थकवा मोठा होता, असं म्हणता येईल. पण ते पूर्ण खरं नाही, लाजही होती.

समितीचं पत्र आलं तेव्हा मी आधी भागूजी आबांच्या वस्तीवर गेले. लिहायचं तर ज्याच्या जिवावर बेतलं होतं त्याला पहिल्यांदा सांगावं, एवढीच अक्कल मला उशिरा का होईना आली. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. चालताना अजून धाप लागते त्यांना. मी सगळं सांगितलं, घशापासून अकराव्या ओळीपर्यंत. आबांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, “मंजी मास्तर खोटं बोलला?”

“हो आबा. माझ्यासाठी.”

आबा हसायला लागले, हसता हसता खोकले. “अवो बाई, मेंढरामागं वाढल्यालं प्वार ते. वाघरीला भोक पडलं, तर मेंढका त्या भोकात सोता आडवा हुतो. तुमाला न्हाय कळायचं.” मेंढरांभोवती लावतात त्या जाळीला वाघर म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मग त्यांनीच विचारलं, “आन त्या पोरीचं काय? खडं आनल्याली?”

म्हटलं, “बारामतीला नर्सिंग शिकते आबा.”

“मग बरं झालं करंजी दिली ते,” आबा म्हणाले. “पर सही करताना वाचत जा, ननवरे बाई. आमी अंगठेबहाद्दर, आमाला कुनी बी फसवावं. तुमी बी आमच्यासारख्याच व्हय?”

स्वतःला माफ करायला मला आबांइतकं मोठं मन नाही. करंजी दिल्याचा पस्तावा मला तेव्हाही झाला नव्हता, आजही होत नाही. पण घशाबद्दल खोटं बोलल्याचा होतो, न वाचता सही केल्याचा होतो, आणि सर पंधरा दिवस परक्या गोठ्यात वाकलेले असताना मी वर्गात फळ्यावर व्याकरण लिहीत होते, त्याचा सर्वांत जास्त होतो. म्हणून गावातल्या सर्व पालकांना, संस्थेच्या सर्व सदस्यांना आणि टपरीवरच्या मंडळींना मी या ग्रंथातून जाहीरपणे सांगते. मारकड सरांची आखणी चोख होती. तिच्यात रिकाम्या डब्याचासुद्धा विचार होता. ती मोडली ती मी. मूळ पानाची प्रत मी संस्थेला लेखी अर्जासोबत दिली आहे. त्याचं जे व्हायचं असेल ते होवो, माझी तयारी आहे.

सर, हा ग्रंथ इंदापुरात तुमच्या हातात पडेल तेव्हा मी सभागृहात असेन, बहुधा मागच्या रांगेत. मी असं लिहिणार आहे हे तुम्हाला विचारलेलं नाही, कारण तुमचं उत्तर मला ठाऊक होतं. तुम्ही रागवाल. रागवा. पण त्यासाठी तुमची तब्येत धडधाकट हवी, तेव्हा गुडघ्याच्या गोळ्या वेळेवर घ्या आणि भावाच्या डाळिंबाच्या बागेत उन्हाचं फिरणं कमी करा. तुम्हाला भरपूर, निरोगी वर्षं लाभोत. गावाला तुमच्याविषयीचं एक वाक्य बदलायचं आहे, आणि आमचं गाव हळू शिकतं. ते पुरतं बदललेलं ऐकायला तुम्ही असायला हवं.

या नवरात्रात शाळेत हादगा पुन्हा सुरू करावा, असा अर्ज मी केला आहे. परवानगी मिळाली तर मैदानावर, नाही मिळाली तर माझ्या अंगणात. वैष्णवी येणार आहे. तुम्हीही या, आणि काठी घेऊन या, ऊस मापायला. फेर धरताना मुली या वेळी हात धरतील, पण एक फेर उसांचा व्हावा, अशी माझी इच्छा आहे. वारा कुठून येतोय ते मी आधीच बघून ठेवेन. खिरापतीचं पान मी लिहिलं आहे, सर. अकरावी ओळ बदलली आहे, खाली सही करण्यापूर्वी तीनदा वाचली आहे. माझ्या डब्यातलं पहिलं तुम्हाला. आत काय आहे ते मात्र तुम्ही डबा हलवून ओळखायचं.